वाऱ्याचे माप

धान्याला पायली होती, दुधाला शेर होता, जमिनीला गुंठा होता आणि कापडाला वार होता. आपल्या बापजाद्यांनी बहुतेक प्रत्येक वस्तूला माप शोधून ठेवले आणि त्या प्रत्येक मापात फसवण्याच्या युक्त्याही शोधून ठेवल्या. पायली शिगोशीग भरायची की छाटून, यावरून खळ्यावर भांडणे होत. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली, पुढे किलो आला, काट्यावर सरकारी शिक्का आला आणि ही भांडणे बरीचशी मिटली. वाऱ्याला मात्र कोणी माप लावले नाही. तो फुकट होता, आणि फुकटच्या वस्तूला माप कशाला? आता तसे राहिलेले नाही. वारा विकला जातो. छताच्या पंख्यातून विकला जातो, कूलरमधून विकला जातो आणि घरातला केर ओढून घेणाऱ्या यंत्रातूनही विकला जातो. विकली जाणारी वस्तू मोजून घ्यावी, हा साधा व्यवहार आहे.

कोरेगावच्या बाजारपेठेत दिवाळीच्या आधी फिरलात तर इलेक्ट्रिकच्या दुकानांत मिक्सर आणि गीझर यांच्या शेजारी व्हॅक्यूम क्लीनरची खोकी दिसतात. त्याच रस्त्यावर, चार पावलांवर, शिंदीच्या पानांच्या केरसुण्याही विकायला असतात, कारण लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी लागते. केरसुणी विकत घेणारी बाई ती हातात धरून पाहते, जमिनीवर एकदा फिरवते, बांधणी घट्ट आहे का ते चाचपते आणि मग पैसे देते. खोक्यातल्या यंत्राची अशी परीक्षा कोणी घेत नाही. तिथे फक्त आकडा वाचला जातो. १२०० वॉट, १६०० वॉट, २००० वॉट. आकडा मोठा, तेवढे यंत्र जोरदार, असा सगळ्यांचा समज, आणि दुकानदाराचाही तोच.

मागच्या वर्षी आमच्या आळीतली एक सून हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आली. तिच्या सात वर्षांच्या मुलाला दम्याचा त्रास आहे. घरात कोरडा झाडू मारला की धूळ उडते, ती टाळा, असे डॉक्टरांनी सांगितलेले. भिशीचे पैसे हातात आले होते. ‘काका, दोन हजार वॉटचे घेऊ की सोळाशेचे पुरेल?’ मी आयुष्यभर बँकेत आकडे पाहिले, म्हणून हे आकडेही मला कळतील, अशी तिची समजूत. प्रश्न चारशे वॉटचा वाटला तरी तो तसा नव्हता. एका पोराच्या श्वासाचा होता आणि एका बाईने वर्षभर हप्ता हप्ता करून साठवलेल्या पैशांचा होता. म्हणून तो नीट समजून घ्यावासा वाटला.

पहिली गोष्ट म्हणजे वॉट हे यंत्राच्या कामाचे माप नाही. ते यंत्राच्या खाण्याचे माप आहे. यंत्र किती वेगाने वीज खाते, ते वॉट. बँकेच्या भाषेत सांगायचे तर खोक्यावर लिहिलेला आकडा ही कर्जाची मंजूर रक्कम आहे. विहिरीसाठी कर्ज किती उचलले ते त्यावरून कळते. विहिरीला पाणी किती लागले ते कळत नाही. हजार वॉट खाणाऱ्या यंत्रातून दीड-दोनशे वॉटइतके काम हवेवर झाले, तरी ते साधारण बरे यंत्र म्हणावे लागते. उरलेली वीज मोटार तापवण्यात, हवा घुसळण्यात आणि आवाज करण्यात जाते.

मग खरे माप कोणते? याचे उत्तर कोरेगावच्या शेतकऱ्याला शिकवावे लागणार नाही. विहिरीवरच्या पंपाची पाटी त्याने वाचलेली असते. तिच्यावर नुसती अश्वशक्ती नसते. ‘हेड’ असतो आणि ‘डिस्चार्ज’ असतो. पाणी किती उंच चढवणार आणि सेकंदाला किती लिटर देणार, या दोन गोष्टी कळल्याशिवाय पंप कोणी घेत नाही. कोरेगावहून त्याच पुणे-मिरज लोहमार्गाने पुढे गेले की किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसवलेल्या त्या वसाहतीचे नाव पंपांमुळे देशभर झाले. आतला फिरता पंखा पाणी मधून घेऊन कडेला भिरकावतो, ही जी सेंट्रिफ्यूगल पंपाची युक्ती, तीच व्हॅक्यूम क्लीनरची आहे. फरक एवढाच, की इथे पाण्याऐवजी हवा आहे. त्यामुळे मापेही तीच दोन लागतात. हेडच्या जागी ओढ, म्हणजे हवेच्या दाबातला फरक, आणि डिस्चार्जच्या जागी हवेचा प्रवाह.

या दोहोंचे नाते मात्र सवतींसारखे आहे. नळीचे तोंड तळहाताने पूर्ण बंद केले तर ओढ सर्वांत जास्त असते, पण प्रवाह शून्य असतो. तोंड पूर्ण मोकळे सोडले तर प्रवाह सर्वांत जास्त, आणि ओढ जवळजवळ शून्य. केर ओढण्याचे काम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी होते. ओढ आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे हवेवर झालेले खरे काम. तंत्रज्ञ त्याला ‘एअर वॉट’ म्हणतात. ढोबळ हिशेब असा, की बंद तोंडाची ओढ आणि उघड्या तोंडाचा प्रवाह यांचा गुणाकार करावा आणि त्याला चाराने भागावे. यंत्राचे जास्तीत जास्त काम साधारण तेवढे भरते.

हे मापन घरीही करता येते, आणि त्याला लागणारे सामान कोरेगावात मिळते. गवंडी लेव्हल पाहायला जी पारदर्शक नळी वापरतो, ती चार-पाच मीटर घ्यावी. तिचे एक टोक खाली पाण्याच्या बादलीत बुडवावे, नळी जिन्यावरून सरळ वर न्यावी आणि दुसरे टोक यंत्राच्या तोंडाला रबराच्या बुचातून घट्ट बसवावे. यंत्र क्षणभर चालू केले की नळीत पाणी चढते. ते बादलीतल्या पातळीपासून किती सेंटिमीटर चढले, ते मोजावे. एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ९८ पास्कल. घरगुती यंत्रांत पाणी साधारण दीड-दोन मीटर चढते, म्हणून यंत्र पाण्यापासून निदान तीन मीटर उंचीवर हवे. पाणी मोटारीत गेले तर प्रयोग महागात पडेल. यंत्र अशा बंद अवस्थेत फार वेळ चालवूही नये. पुष्कळ यंत्रांत ओढलेली हवाच मोटारीला थंड ठेवते.

प्रवाहासाठी प्लास्टिकची मोठी नळकांडी पिशवी लागते. तिचा घेर दोन मीटर आणि लांबी एक मीटर असेल तर तिच्यात सुमारे ३१८ लिटर हवा मावते. पिशवी फुगवावी, तिच्या तोंडात यंत्राची नळी बांधावी आणि ती रिकामी व्हायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहावे. समजा आठ सेकंद लागले, तर प्रवाह सेकंदाला चाळीस लिटर. समजा जिन्यावर पाणी दोन मीटर चढले होते, तर ओढ १९,६०० पास्कल. चाळीस लिटर म्हणजे ०.०४ घनमीटर. गुणाकार ७८४, चाराने भागून १९६. म्हणजे हे यंत्र हवेवर जास्तीत जास्त १९६ वॉट काम करते, मग खोक्यावर काहीही लिहिलेले असो.

या प्रयोगात एक गंमत दिसते. नळीचे तोंड बंद केले की मोटारचा आवाज चढतो. ऐकणाऱ्याला वाटते, यंत्र आता जिवाच्या आकांताने काम करते आहे. प्रत्यक्षात उलट असते. ढकलायला हवाच नसल्यामुळे मोटारवरचा भार उतरतो, ती अधिक वेगाने फिरते आणि वीज कमी खाते. बँकेतही टेबलावर सर्वांत जास्त आवाज करणाऱ्या माणसाकडे सर्वांत कमी काम असायचे, हे मी तीस वर्षे पाहिले आहे.

अलीकडे बाजारात हातात धरायची बिनतारेची यंत्रे आणि जमिनीवर आपली आपण फिरणारी चकतीसारखी यंत्रे आली आहेत. त्यांच्या जाहिरातींत वॉट मागे पडून पास्कल पुढे आले. हजारो पास्कलचे मोठमोठे आकडे दिसतात. वाचकांनी एवढेच लक्षात ठेवावे, की हे पास्कल बहुधा बंद तोंडाचे असतात. पंपाच्या पाटीवर फक्त हेड लिहिला आणि डिस्चार्ज गाळला तर शेतकरी जे म्हणेल, तेच इथेही म्हणावे.

आता प्रवाहाला एवढे महत्त्व का, ते पाहू. कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे. तो घेवडा काय किंवा ज्वारी काय, मळणी झाल्यावर उपणावी लागते. वावडीवर उभे राहून माणूस पाटीतून धान्य हळूहळू सोडतो. भूस वाऱ्याबरोबर लांब जाते आणि दाणा पायाशी पडतो. वारा मंद असेल तर भूस दाण्यातच पडते, फार झाला तर हलका दाणाही भुसात जातो. म्हणजे काय उचलले जाईल, हे वाऱ्याचा वेग ठरवतो. केराचेही तसेच. जमिनीवरचा वाळूचा कण उचलायला त्याच्याजवळून पुरेशा वेगाने हवा गेली पाहिजे. नुसती ओढ कण उचलत नाही, वाहती हवा उचलते.

त्यातही ओढण्याची एक अडचण आहे, जी फुंकण्याला नाही. देवाजवळचे निरांजन फुंकून विझवू नये असे घरोघरी सांगितले जाते, म्हणून आपण मेणबत्ती घेऊ. हातभर अंतरावरून ती फुंकरीने विझते. आता त्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून पाहा. ज्योत हलणारही नाही. फुंकलेली हवा झोताने एका दिशेने जाते, ओढलेली हवा चहूबाजूंनी येते. ओढणाऱ्या नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतक्या अंतरावर हवेचा वेग तोंडाजवळच्या वेगाच्या एक दशांशावर येतो. म्हणून यंत्राचे तोंड जमिनीला जवळजवळ चिकटून फिरले पाहिजे, आणि म्हणून तोंडाचा आकार, त्याच्या कडा व त्यातला ब्रश यांना मोटारइतकेच महत्त्व आहे. मोटार उत्तम आणि तोंड वाकडे, अशा यंत्राने केर निघत नाही.

हे ओढण्याचे तत्त्व ज्याने प्रथम नेटाने मांडले, तो ह्यूबर्ट सेसिल बूथ हा इंग्रज इंजिनीअर. त्या काळी लंडनमध्ये धूळ फुंकून उडवणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक त्याने पाहिले होते. धूळ उडून पुन्हा तिथेच बसते हे पाहून, ओढून का घेत नाही, असे त्याने विचारले. मग एका उपाहारगृहातल्या खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून त्याने तोंडाने जोरात हवा ओढली. ठसका लागला, पण रुमालाच्या दुसऱ्या बाजूला धुळीचा डाग उमटला. १९०१ साली त्याने पेटंट घेतले. त्याचे यंत्र घोडागाडीवर होते; गाडी रस्त्यावर उभी राही आणि नळ्या खिडकीतून घरात जात. पुढे अमेरिकेत ओहायोमधल्या कॅंटन गावी जेम्स मरे स्पँग्लर नावाच्या झाडलोट करणाऱ्या कामगाराने हातात वागवता येईल असे यंत्र बनवले आणि १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्याला दम्याचा विकार होता आणि झाडण्याची धूळ सोसत नव्हती. आमच्या आळीतल्या मुलाचे आणि त्याचे दुखणे एकच. आपल्याकडे १९८२ साली युरेका फोर्ब्स निघाली आणि तिचे विक्रेते यंत्र घेऊन दारोदार जाऊ लागले, तेव्हा मध्यमवर्गाला या वस्तूची ओळख झाली.

दारात येऊन यंत्र दाखवण्याच्या पद्धतीत एक नाट्य असायचे. गादीवरून यंत्र फिरवायचे, आतल्या पांढऱ्या फडक्यावर जमलेली धूळ काढून दाखवायची, आणि घरातल्या बाईने लाजेने चूर व्हायचे. पण निघालेली धूळ दिसली म्हणून किती धूळ राहिली ते कळत नाही. परीक्षा घ्यायची तर आधी किती टाकली हे ठाऊक हवे. प्रयोगशाळेत नेमके तेच करतात. अमेरिकी पद्धतीत नव्वद भाग वाळू आणि दहा भाग शंखजिऱ्याची पूड असे १०० ग्रॅमचे मिश्रण गालिचावर पसरतात, ते आत दाबून बसवतात, ठरावीक वेगाने यंत्र फिरवतात आणि किती ग्रॅम निघाले ते तोलतात. वाळू जड म्हणून उचलायला कठीण, पूड बारीक म्हणून चिकटून बसणारी. दोघींची परीक्षा एकदम होते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत गालिचाबरोबर कठीण फरशीची आणि फटी असलेल्या फरशीचीही वेगळी चाचणी आहे. शहाबादी फरशीच्या सांध्यांतला केर ज्यांनी खराट्याची काडी घालून काढला आहे, त्यांना या चाचणीचे मोल कळेल.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. यंत्र नवे असताना, पिशवी रिकामी असताना जे माप मिळते, ते पिशवी अर्धी भरल्यावर टिकते का? कापडी किंवा कागदी पिशवीची बारीक छिद्रे धुळीने बुजतात, हवेला वाट मिळत नाही, आणि प्रवाह उतरतो. आवाज तेवढाच, वीजही बऱ्यापैकी तेवढीच, पण केर जागचा हलत नाही.

बँकेत ३१ मार्चची ठेव म्हणून एक प्रकार असे. वर्षअखेरच्या दिवशी शाखेच्या ठेवींचा आकडा फुगलेला दिसावा, म्हणून ओळखीच्या व्यापाऱ्याला दोन दिवसांपुरते पैसे ठेवायला सांगायचे. पाच एप्रिलला ते परत. ताळेबंदातला आकडा खोटा नसे; त्या दिवशी पैसे खरोखरच तिथे असत. पण शाखेची तब्येत त्यावरून कळत नसे. ती सरासरी ठेवीवरून कळे.

रिकाम्या पिशवीचे माप हे ३१ मार्चच्या ठेवीसारखे आहे, आणि यावर युरोपात मोठा खटला झाला. युरोपीय संघाने २०१३ मध्ये व्हॅक्यूम क्लीनरसाठी नियम केले. सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॉटच्या वरची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॉटच्या वरची घरगुती यंत्रे विकायला बंदी आली. आपण २००० वॉटकडे कौतुकाने पाहतो, तेव्हा तिकडे ९०० च्या आत सफाई करून दाखवा, असा कायदा आहे. याबरोबर विजेच्या बचतीचे लेबलही सक्तीचे झाले. पण त्यासाठीच्या चाचण्या रिकाम्या पिशवीने करायच्या होत्या. डायसन या कंपनीने त्याला न्यायालयात आव्हान दिले. तिची यंत्रे बिनपिशवीची, तेव्हा तिचा स्वार्थ त्यात होताच. भरलेल्या पिशवीने केलेल्या चाचण्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांत सारख्या येत नाहीत, असे युरोपीय आयोगाचे म्हणणे होते आणि तेही अगदीच पोकळ नव्हते. २०१५ मध्ये कंपनी हरली, २०१७ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवून प्रकरण परत पाठवले आणि ८ नोव्हेंबर २०१८ रोजी लेबलाचा नियम रद्द झाला. ग्राहकाला प्रत्यक्ष वापरातली माहिती मिळाली पाहिजे, आणि रिकाम्या भांड्याने घेतलेले माप ही ती माहिती नव्हे, हा त्याचा मथितार्थ. जानेवारी २०१९ पासून ते लेबल गेले; वॉटची मर्यादा मात्र कायम राहिली.

आपल्याकडे हे अशक्य आहे असे नाही. छताच्या पंख्यावर जानेवारी २०२३ पासून ऊर्जाबचतीचे तारे सक्तीचे झाले, आणि ते तारे दर वॉटमागे मिनिटाला किती घनमीटर हवा मिळते यावर दिले जातात. म्हणजे वाऱ्याला माप लावण्याचे काम आपल्या सरकारने एका ठिकाणी केलेले आहे. पंख्याच्या बाबतीत जे जमले, ते केर ओढणाऱ्या यंत्राच्या बाबतीतही जमू शकेल. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला, २०१९ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा येऊन दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना चाप लावण्याची तरतूद झाली. पण खोक्यावरचा वॉटचा आकडा खोटा नसतो. तो फक्त गैरलागू असतो. गैरलागू खऱ्याविरुद्ध तक्रार कुठे करायची? त्यावर उपाय एकच, लागू आकडा मागणे.

आळीतल्या त्या सुनेला मी जे सांगितले, ते कोणालाही सांगेन. घरात शहाबादी फरशी असेल तर रोजच्या सफाईला ओल्या फडक्यासारखे दुसरे काही नाही. धूळ उडतच नाही. यंत्र लागते ते गाद्या, सतरंज्या आणि सोफा यांच्यासाठी. दम्याचा रुग्ण घरात असेल तर किती ओढते यापेक्षा मागून काय सोडते, हे आधी पाहावे. बारीक धूळ पिशवीतून गाळून मागच्या बाजूने खोलीत परत येत असेल, तर ते यंत्र झाडूपेक्षा बरे नाही. डोळ्याला न दिसणारी धूळ तेवढी हवेत तरंगत राहते. हेपा गाळणी, म्हणजे ०.३ मायक्रॉनचे शेकडा ९९.९७ कण अडवणारी, असेल तर चांगले, पण ती बसते त्या जागेच्या कडा घट्ट बंद हव्यात, नाहीतर हवा गाळणीला वळसा घालून जाते. पिशवी अर्धी भरली की रिकामी करावी, ती घराबाहेर करावी, आणि त्या वेळी मूल जवळ नसावे. चादरी, अभ्रे कडकडीत पाण्यात धुवावेत. औषध डॉक्टर सांगतील तेच.

ती दुकानात गेली आणि तिने चार प्रश्न विचारले. ओढ किती, प्रवाह किती, गाळणी कोणती, आणि पिशवी अर्धी भरल्यावर यातले काय उरते. पहिल्याचे उत्तर खोक्यावर सापडले. तिसऱ्याचे दुकानदाराने कंपनीला फोन करून मिळवले. दुसऱ्याचे आणि चौथ्याचे कोणाकडेच नव्हते. शेवटी तिने ९०० वॉटचे, हेपा गाळणीचे एक यंत्र घेतले आणि उरलेल्या पैशांत मुलाची गादी नवी भरून आणली. दुकानदार मला परवा भेटला तेव्हा म्हणाला, त्या ताई येऊन गेल्यापासून आणखी दोघी तेच प्रश्न विचारून गेल्या. कंपनीच्या माणसाला त्याने ते एका चिठ्ठीवर लिहून दिले आहेत. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.